अताकेचा तट आणि ओहाशीचा पूल : हिरोशिगेच्या एका काष्ठमुद्राचित्राचा विचार

१

उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) याचे ‘ओहाशी अताके नो युदाची’ हे काष्ठमुद्राचित्र जगातील अत्यंत परिचित निसर्गचित्रांपैकी एक होय. आकाराने ते लहान आहे. सुमारे ३६ सेंटिमीटर उंच व २४ सेंटिमीटर रुंद एवढ्या कागदावर ते सामावलेले आहे. वर काळ्या ढगाचा पट्टा, मध्ये पावसाच्या असंख्य रेषा, खाली लाकडी पूल, पुलावर घाईने चाललेली माणसे, नदीत एकटाच तराफा हाकणारा नावाडी आणि पलीकडे धूसर झालेला तट, एवढाच या चित्राचा ऐवज आहे. या चित्राचा आस्वाद घेताना त्यातील रेषांची गती, रंगांचा संयम आणि रचनेतील तिरकसपणा यांचे कौतुक सर्वत्र झालेले आढळते. ते कौतुक यथार्थ आहे. परंतु त्या कौतुकात एक गृहीत दडलेले असते. हे चित्र ‘पावसाचे’ आहे, स्थळ त्यात निमित्तमात्र आहे, असे ते गृहीत होय.

या गृहीताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. चित्राच्या शीर्षकात तीन पदे आहेत : ओहाशी हा पूल, अताके हे स्थळ आणि युदाची ही सर. पहिली दोन स्थलवाचक आहेत, तिसरे तेवढे निसर्गवाचक आहे. चित्रकाराने आणि प्रकाशकाने जी दोन नावे आधी छापली, ती बाजूस सारून केवळ तिसऱ्याचा विचार करणाऱ्या समीक्षेला चित्राचा कितपत उलगडा होतो, हा प्रश्न म्हणूनच विचारणीय ठरतो.

२

हे चित्र ‘मेइशो एडो ह्याक्केइ’, म्हणजे ‘एडोतील शंभर नामांकित स्थळे’, या मालेतील आहे. उओया एइकिची या प्रकाशकाने ही माला १८५६ पासून काढण्यास प्रारंभ केला. नावात शंभर असले तरी चित्रांची संख्या अखेरीस ११९ पर्यंत गेली आणि शेवटची काही चित्रे हिरोशिगेच्या मृत्यूनंतर बाहेर पडली. प्रस्तुत चित्रावरील परीक्षण-मुद्रा सर्प-वर्षाच्या नवव्या महिन्याची आहे. पाश्चात्त्य गणनेप्रमाणे हा १८५७ सालचा शरद ऋतू होय.

चित्रातील ऋतू मात्र शरद नव्हे. ‘युदाची’ म्हणजे ऐन उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरानंतर एकाएकी कोसळणारी आणि तितक्याच त्वरेने ओसरणारी सर. मराठीतील ‘वळीव’ हा शब्द तिला बराचसा जवळचा आहे. भेद एवढाच की, वळवामागे येणाऱ्या मृगाची चाहूल असते. युदाची मात्र जपानातील मुख्य पावसाळा सरल्यानंतरच्या उकाड्यात येते. तिच्यामागून काही येणार नसते. ती आली आणि गेली, एवढेच तिचे स्वरूप. मालेची चित्रे पुढे ऋतुक्रमाने लावून अनुक्रमणिका सिद्ध करण्यात आली, तेव्हा हे चित्र ग्रीष्मातच घातले गेले. अर्थात शरदात विकावयास आलेल्या या चित्राने ग्राहकाला नुकत्याच संपलेल्या उन्हाळ्याची एक घटका परत दिली, असे म्हणता येईल.

ही घटका कागदावर कशी उतरली हेही ध्यानात घेतले पाहिजे. काष्ठमुद्राचित्र हे एका हाताचे काम नव्हे. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करतो. ते रेखाटन चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटे चिकटविले जाते. कोरक्या रेषा तेवढ्या शिल्लक ठेवून भोवतालचे लाकूड काढून टाकतो. प्रत्येक रंगासाठी निराळी फळी तयार होते. आणि छापणारा त्या फळ्यांवर क्रमाने कागद ठेवून बारेन नावाच्या चकतीने मागून घासतो. पावसाची रेषा कुंचल्याने काढणे ही क्षणाची गोष्ट आहे. लाकडात मात्र ती रेषा ‘काढावयाची’ नसून ‘राखावयाची’ असते. केसाएवढी बारीक आणि फळीच्या उंचीइतकी लांब अशी शेकडो धारांची रांग उभी ठेवून बाकीचे सारे लाकूड कोरून काढावे लागते. त्यातही प्रस्तुत चित्रात पावसासाठी दोन फळ्या आहेत, आणि त्यांवरील रेषांचे कोन परस्परांहून किंचित भिन्न आहेत. त्या एकमेकींवर छापल्या गेल्यामुळे पावसाला खोली येते. वरचा ढग हा तर सर्वस्वी छापणाऱ्याचा. ओल्या फळीवर शाई हाताने पसरून उतरता रंग साधावयाचा, आणि त्याची कड कोठे विरावी यासाठी लाकडात कोणतीही खूण नाही. यामुळेच निरनिराळ्या प्रतींत ढगाचे स्वरूप निरनिराळे दिसते.

नदीच्या निळ्या रंगाचा इतिहास याहून दूरचा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिन येथे सापडलेला हा कृत्रिम रंग जपानात ‘बेरो’ या बर्लिनवरून पडलेल्या नावाने ओळखला जाई. १८३० च्या सुमारास तो स्वस्त झाला आणि होकुसाई व हिरोशिगे यांच्या निसर्गचित्रांतील पाणी व आकाश त्याने व्यापले. परदेशगमनाला बंदी असलेल्या देशाच्या राजधानीतील नदी परदेशी रंगाने वाहते आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने अगदीच निरर्थक नाही.

३

‘मेइशो’ या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘नाव असलेले स्थळ’ असा आहे. प्राचीन दरबारी काव्यात काही स्थळांची नावे पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट भावनांशी निगडित झाली होती. नाव उच्चारताच ती भावना जागी होई. एडो हे नगर मात्र १६०३ मध्ये तोकुगावा शोगुनांची राजधानी झाले आणि नंतर वाढले. अशा नव्या नगराजवळ जुन्या काव्याचे भांडवल थोडे होते. सुमिदा नदीचे नाव तेवढे दहाव्या शतकातील ‘इसे मोनोगातारी’पासून साहित्यात रूढ होते. बाकीची नावे नगराने स्वतःच्या व्यवहारातून कमावली.

अताके हे असेच काव्यहीन उगमाचे नाव आहे. सुमिदेच्या पूर्व तटावर शोगुनांच्या नौकांची कोठारे होती. तिसरा शोगुन इएमित्सु याच्या आज्ञेने इझु प्रांतात ‘अताकेमारू’ ही प्रचंड युद्धनौका बांधण्यात आली आणि १६३५ मध्ये शिनागावाच्या समुद्रात स्वतः शोगुन तीवर चढला. तिला शंभर वल्ही असून प्रत्येक वल्ह्यास दोन माणसे लागत, असे वर्णन परंपरेने चालत आले आहे. पुढे ही नौका पूर्व तटावरील कोठारांपाशी ठेवली गेली आणि त्या भागास लोक अताके म्हणू लागले.

हे १६३५ साल लक्षणीय आहे. त्याच वर्षी जपानी माणसांना परदेशी जाण्याची व परदेशातून परतण्याची बंदी झाली. त्याच वर्षीच्या सरदारांसाठीच्या नियमावलीत पाचशे कोकूंहून अधिक भाराच्या नौका बांधण्यास मनाई करण्यात आली. इतरांना मोठी नौका निषिद्ध आणि शोगुनाची नौका सर्वांत मोठी, असा हा न्याय होता. म्हणजे अताकेमारू हे समुद्रपर्यटनाचे साधन नव्हते. ते सत्तेचे प्रदर्शन होते. अशा प्रदर्शनाचा खर्च फार काळ परवडत नाही. १६८२ मध्ये ती नौका मोडून टाकण्यात आली. लाकूड गेले, नाव राहिले.

हिरोशिगेने चित्र काढले तेव्हा नौका मोडून पावणेदोनशे वर्षे झाली होती. त्या अवधीत एक गोष्ट मात्र घडली होती. १८५३ मध्ये अमेरिकन आरमारी अधिकारी पेरी चार युद्धनौका घेऊन उरागा येथे दाखल झाला, आणि त्याच वर्षी शोगुनशाहीला मोठ्या नौकांवरील बंदी उठवावी लागली. १८५४ मध्ये तहावर सही झाली. अशा काळात नदीपलीकडच्या तटाचे ‘अताके’ हे नाव १८५७ च्या वाचकाच्या कानी पडे तेव्हा ते केवळ पत्त्याचे नाव राहत असेल काय? चित्रकाराने हे योजून केले असे म्हणावयास पुरावा नाही, आणि तसे म्हणूही नये. परंतु शब्दाचा अर्थ केवळ बोलणाऱ्याच्या हेतूने ठरत नाही, ऐकणाऱ्यांच्या स्मृतीनेही ठरतो, हे साहित्याच्या अभ्यासकास सांगावयास नको.

४

आता शीर्षकातील पहिल्या पदाकडे वळले पाहिजे. १६५७ च्या मेइरेकी आगीत एडोचा फार मोठा भाग जळाला आणि नदी ओलांडता न आल्याने असंख्य माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर सुमिदेवर जो पूल झाला त्यास ओहाशी, म्हणजे थोरला पूल, म्हणू लागले. तोच पुढे र्योगोकु या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या खालच्या अंगास १६९३-९४ च्या संधीवर दुसरा पूल बांधण्यात आला. तो शिन-ओहाशी, नवा थोरला पूल. प्रस्तुत चित्रातील पूल तो हाच. जवळच फुकागावा येथे राहणाऱ्या बाशो या कवीने या पुलाच्या उभारणीवर हायकू रचले आहेत, यावरून त्या परिसरात पुलाचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना करता येते.

लाकडी पूल हा बांधून संपत नाही. तो सतत बांधावा लागतो. पूर, आग आणि कुजणे यांच्याशी त्याचे भांडण चालूच असते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, क्योहो कालखंडात, शोगुनशाहीची तिजोरी रिकामी झाली तेव्हा हा पूल मोडून टाकण्याचा निर्णय झाला. तेव्हा त्या भागातील नगरवासीयांनी विनंत्या केल्या, आणि देखभालीचा सारा खर्च त्यांनी स्वतः सोसावा या अटीवर पूल राखण्यास अनुज्ञा मिळाली. १७४४ मध्ये खर्चासाठी माणशी दोन मोन पथकर घेण्यात येऊ लागला. पुलाच्या तोंडाशी बाजार भरवून आणि वर्गणी गोळा करूनही पैसा उभा करण्यात आला.

या दोन हकीकती शेजारी ठेवल्या की चित्राचा घाट निराळाच दिसू लागतो. नौकाही लाकडाची आणि पूलही लाकडाचा. दोन्हींचा खर्च शोगुनशाहीला असह्य झाला. नौका मोडली गेली, कारण ती एका सत्तेची होती आणि त्या सत्तेने तिचा हात सोडला. पूल टिकला, कारण ज्यांना रोज पलीकडे जावयाचे होते त्यांनी तो दोन-दोन मोनांनी धरून ठेवला. चित्रात अताकेचा तट करड्या छायेत बुडालेला आहे. तेथील कोठारे धड ओळखूही येत नाहीत. पूल मात्र पिवळसर लाकडी रंगात ठाम उभा आहे, त्याच्या खांबांची जोडणी स्पष्ट आहे. ज्याचे नाव मोठे ते पावसात विरते आणि ज्यावर सामान्यांची पावले पडतात ते उरते, अशी ही रचना आहे.

पुलावरील माणसांचा विचारही याच संदर्भात करावयास हवा. हिरोशिगेच्या तोकाइदो मार्गावरील प्रसिद्ध मालेतील निहोनबाशीच्या पहिल्या चित्रात सरदाराची मिरवणूक पुलावरून येते आणि मासळीवाले एका बाजूस होतात. येथे मिरवणूक नाही. कोणी छत्रीखाली आहे, कोणी गवती टोपी घातली आहे, कोणी डोक्यावर चटई ओढून वाकून चालला आहे. एका छत्रीत अनेकांनी डोकी घातली आहेत. चेहरे बहुधा झाकलेले आहेत, पावले मात्र उघडी आहेत. या माणसांना नावे नाहीत, आणि चित्राला ती नकोही आहेत. पूल राखणाऱ्यांच्या वंशजांचे हे चित्र आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही.

५

या वाचनाविरुद्ध दोन दिशांनी आक्षेप येऊ शकतो. पहिला आक्षेप असा की, हे सारे इतिहासकाराने बाहेरून आणलेले सामान आहे. चित्राचा अनुभव त्यावाचून पूर्ण होतो. या आक्षेपाची परीक्षा हिरोशिगेच्याच दुसऱ्या पर्जन्यचित्राशी तुलना करून घेता येते. तोकाइदो मालेतील ‘शोनो’ या चित्रातही एकाएकी आलेली सर आहे. उतारावर माणसे धावत आहेत, मागे वाऱ्याने वाकलेली झाडी करड्या छायांच्या थरांत दिसते. ते चित्र थोर आहे, परंतु त्यातील उतार कोणत्याही गावाबाहेरचा असता तरी चालले असते. ‘अताके’चे तसे नाही. येथे पूल आणि पलीकडचा तट परस्परांशी तिरके आहेत. त्या दोन तिरक्या रेषांमधील नदीचे अंतर हाच रचनेचा प्राण आहे. शीर्षकाने त्या दोन रेषांना एकेक नाव दिले आहे. दृश्यातील ताण आणि नावांतील ताण एकाच जागी जुळतात. जे रचनेत आहे ते बाहेरचे कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे, आणि अलीकडच्या संशोधनामुळे तो अधिक विचारार्ह झाला आहे. १८५५ च्या ११ नोव्हेंबरच्या रात्री एडोत भीषण भूकंप झाला. होन्जो व फुकागावा या भर घालून वसविलेल्या सखल भागांची हानी विशेष झाली. मृतांची संख्या सात ते दहा हजारांच्या घरात मानली जाते. १८५६ मध्ये नगरास वादळाचाही तडाखा बसला. या पार्श्वभूमीवर ‘शंभर स्थळे’ ही माला म्हणजे नगराच्या पुनर्रचनेची नोंद होय, प्रत्येक चित्रामागे काही ताजी घटना लपलेली आहे, असे मत मांडले गेले आहे. आसाकुसा येथील मंदिराच्या मनोऱ्याचे उदाहरण या मताला बळ देते. भूकंपाने त्याच्या शिखरावरील धातूचा दंड वाकला होता; १८५६ मध्ये तो नीट करण्यात आला आणि त्याच वर्षी मालेतील चित्रात तो मनोरा बर्फात सरळ उभा दिसला.

एका चित्रास लागू पडलेली किल्ली प्रत्येक कुलपास लावून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. ‘अताके’च्या बाबतीत अशी निश्चित घटना दाखविता येत नाही, आणि ती शोधून काढण्याची गरजही नाही. भूकंपाविषयी उघड बोलणारी चित्रे त्या काळी निघालीच होती. भूमीखालील मोठा कॅटफिश मासा हलला की धरणी कापते या लोकसमजुतीवर आधारलेली शेकडो प्रकारची चित्रे भूकंपानंतर परीक्षण-मुद्रेवाचून छापली गेली आणि थोड्याच आठवड्यांत त्यांवर बंदी आली. हिरोशिगेची माला परीक्षकांच्या मुद्रेसह निघाली. तिने आपत्तीचे चित्र काढले नाही आणि आपत्तीचा संकेतही प्रत्येक ठिकाणी पेरला नाही. तिने नगराची नावे एकामागून एक उच्चारली. ज्या नगराची घरे कोसळली आहेत त्याची नावे क्रमाने घेणे ही एक प्रकारची गणतीच आहे : हे आहे, तेही आहे. आगीच्या पहाऱ्याचे वंशपरंपरागत काम असलेल्या कुटुंबात जन्मलेल्या चित्रकाराला अशा गणतीचे मोल निराळे सांगावयास नको होते.

म्हणून इतिहासाचे चित्रातील स्थान ठरविताना मध्यम मार्ग स्वीकारावा लागतो. इतिहास हा चित्रात दडवलेला गुप्त संदेश नव्हे, आणि चित्राच्या चौकटीबाहेर ठेवण्याची तळटीपही नव्हे. तो नावांतून चित्रात येतो आणि रचनेतून अर्थ पावतो. नाव आणि रचना यांपैकी एक बाजू सोडली की दुसरी पांगळी होते.

६

नाव सोडल्यावर काय होते हे पाहण्यास एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. १८८७ मध्ये पॅरिस येथे व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने या चित्राची तैलरंगात प्रतिकृती केली. ती सध्या अॅमस्टरडॅम येथील व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. त्याने रंग अधिक तीव्र केले, पाण्याला कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी खळबळ दिली आणि चित्राभोवती एक रुंद कड काढून तीवर जपानी अक्षरे रंगविली. ही अक्षरे त्याने इतर जपानी चित्रांवरून उतरविली होती. त्याला ती वाचता येत नव्हती. त्याच्या दृष्टीने ती वेलबुट्टीच होती.

यात व्हॅन गॉगला दोष देण्याचे कारण नाही. त्याला रेषा व रंग यांतून जे शिकावयाचे होते ते तो शिकला, आणि ते शिकणे पाश्चात्त्य चित्रकलेच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. परंतु त्याच्या चित्रात लिपी उरली आणि नाव गेले, ही घटना पुढील समीक्षेचे प्रतीक होऊन बसली. युरोपात या चित्राचा जो आस्वाद रूढ झाला तो कडेवरील अक्षरांना नक्षी मानणाऱ्या दृष्टीचा आस्वाद होता. चित्रकाराला क्षम्य असलेली ही दृष्टी अभ्यासकाला क्षम्य नाही. जे वाचता येत नाही ते अलंकरण होय, असे मानण्याची सवय परक्या संस्कृतींच्या अभ्यासात सर्वत्र आढळते. तिचे उगमस्थान अशा निष्पाप प्रतिकृतींतही असू शकते.

७

लाकडी पुलाच्या जागी १९१२ मध्ये लोखंडी पूल आला. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात व आगीत सुमिदेवरील अनेक पुलांची वाताहत झाली असता हा पूल तगला आणि त्याच्या आश्रयाने पुष्कळांचे प्राण वाचले. लोकांनी त्यास माणसे वाचविणारा पूल असे नाव दिले. १९७७ मध्ये त्याचीही जागा नव्या पुलाने घेतली आणि जुन्याचा एक भाग आइची प्रांतातील मेइजी-मुरा येथील उघड्या संग्रहालयात जतन करण्यात आला. पुलाची वस्तू पुन्हा पुन्हा बदलली, नाव तेच राहिले. अताकेच्या बाबतीत वस्तूवाचून राहिलेले नाव हे रिकामे होते. पुलाच्या बाबतीत नावाबरोबर उपयोगही राहिला.

हिरोशिगेला १९२३ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १८५८ च्या शरदात, एडोत पटकीची साथ असताना, त्याचा अंत झाला. त्यानंतर दहाच वर्षांत शोगुनशाही लयास गेली आणि एडो हे नावही बदलून तोक्यो झाले. तथापि कोणती वस्तू कशाने टिकते याविषयी त्याचे चित्र जे सांगते ते या पुढील घटनांनी खोटे ठरविलेले नाही. अचानक आलेली सर दहा-पाच मिनिटांची असते. त्या मिनिटांत सत्तेचा तट दिसेनासा होतो आणि पायांखालची फळी तेवढी खरी राहते. हा अनुभव पावसाचा आहेच. परंतु तो विवक्षित पुलावरच्या, विवक्षित तटासमोरच्या पावसाचा आहे. शीर्षकातील तीनही पदे एकत्र वाचली तरच तो पुरता हाती येतो.